तारे बंद केले आणि पुस्तकांची पेटी उघडेनाशी झाली. मुलांची गोडी परत कशी आणू?

वस्तीवरच्या बाई

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, पटावर २४ मुलं.

जूनमध्ये माझ्या वर्गात एक गोष्ट आपोआप चालायची. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन, ताटं धुऊन मुलं आत आली की खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीतून पुस्तकं काढायची. साठेक पुस्तकं आहेत, कडा झिजलेली. चार-पाच जण एकाच पुस्तकावर डोकी घालायचे. ज्याला वाचता येतं तो वाचायचा, बाकीचे चित्रांवर बोट ठेवून वाद घालायचे. मी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

जुलैत मला वाटलं, हे वाढवू या. भिंतीवर तक्ता लावला, प्रत्येकाच्या नावापुढे रांग. एक पुस्तक वाचलं की एक तारा, दहा ताऱ्यांना एक पेन. पहिला महिना पेटी रिकामी व्हायची. शिक्षण परिषदेत मी त्या तक्त्याचा फोटो अभिमानाने दाखवला.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. मुलं फक्त आठ पानी पुस्तकं उचलायची. जूनमध्ये ज्या जाड पुस्तकांवरून ओढाओढ व्हायची ती तळाला गेली. चौथीतल्या एका मुलाने एका दिवसात पाच पुस्तकं वाचली म्हणून सांगितलं. मी त्यातल्या एका गोष्टीतल्या कोल्ह्याचं पुढे काय झालं ते विचारलं, तर त्याला सांगता येईना. मी रागावले नाही. पण तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून जात नाही: “बाई, तारा वाचल्याचा हाय का ध्यानात ठेवल्याचा?”

दिवाळीनंतर मी तक्ता काढून टाकला. पहिल्या आठवड्यात अख्ख्या वर्गाने मिळून तीन पुस्तकं बाहेर काढली. जी मुलं जूनमध्ये काही न घेता वाचत होती, तीच आता विचारतात, “वाचल्यावर काय मिळणार?” चार महिने झाले, फारसा फरक नाही.

दुसरी गोष्टही सांगते, कारण मला ती पहिलीशी जोडलेली वाटते. दिवाळीनंतर माझी नऊ मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. आता मार्चमध्ये त्यातली पाच परत आली आहेत. ती वर्गात बसतात, पण बोलत नाहीत. चौथीतली एक मुलगी ऑक्टोबरपर्यंत परिपाठात प्रतिज्ञा सांगायची. आता तिला काही विचारलं की ती फरशीकडे बघते आणि मीच घाईने पुढच्या मुलाकडे वळते.

बी.एड.ला आम्ही बाल मानसशास्त्र शिकलो, परीक्षेत लिहिलं. पण या दोन अडचणींवर त्यातलं नेमकं काय कामाला येतं? ज्यांनी वर्गात करून पाहिलं आहे त्यांनी लिहावं, मी मनापासून वाट बघते आहे.

---

पाढेवाले सर

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण ताऱ्यांना सरसकट बाद करू नका. मी नाशिक जिल्ह्यात पाचवी ते सातवीला गणित शिकवतो. पाढ्यांसाठी शिक्के देतो, कित्येक वर्षं. तेराचा, सतराचा पाढा पाठ करायची गोडी कुठल्या मुलाला उपजत असते? शिक्का मिळतो म्हणून तो बसतो, पाठ करतो, आणि एकदा पाढा आला की पुढे भागाकार सुटायला लागतो, त्याची मजा वेगळी.

पूर्वी या कामाला छडी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले, ते अगदी योग्य झालं. पण छडी गेली तिथे काहीतरी द्यावं लागतंच ना? मी शिक्का देतो.

---

डाएटमधून निवृत्त

बाई, मी डाएटमधून, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेतून निवृत्त झालो. तुम्ही जे तुमच्या वर्गात पाहिलं, तेच १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट. त्यांनी तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले, या वेळी कुठलंही बक्षीस नाही. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र जिथल्या तिथे होती.

म्हणजे नुकसान ताऱ्याने होत नाही, आधी केलेल्या सौद्याने होतं. मूल मनात हिशोब मांडतं: यासाठी जर मला काही देतात, तर हे काम देण्याघेण्याचं दिसतंय. तुमच्या त्या मुलाने तोच हिशोब उघड बोलून दाखवला. त्याला खोटारडा समजू नका. तारा कशाचा, हे त्याने तुम्हाला सरळ विचारलं आणि तो प्रश्न बरोबर होता.

पाढेवाले सरांचंही चुकत नाही. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आवडत्या कामातली गोडी कमी होते, असं त्यात दिसलं. ज्या कामात मुळात गोडीच नव्हती तिथे मात्र गमावण्यासारखं काही नसतं. पाढ्याला शिक्का चालेल. जे मूल आपणहून करत होतं त्याला शिक्का लावू नये. आपण शिक्षक नेमकं उलटं करतो, कारण चालू असलेली गोष्ट वाढवणं सोपं वाटतं.

आता परत कसं आणायचं. डेसी आणि रायन यांचंच म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. माणसाला आतून काही करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: हे मी निवडलं, हे मला जमतं, आणि इथे मी कोणाचा तरी आहे. तुमच्या जूनच्या वर्गात तिन्ही होत्या. पुस्तक मुलं निवडत होती, वाचता येणाऱ्याला मान होता, आणि चार डोकी एकत्र होती. तक्त्याने प्रत्येकाच्या नावाची वेगळी रांग केली. जे काम घोळक्याचं होतं ते एकेकट्याचं झालं. मला विचाराल तर तुमचं जास्त नुकसान पेनाने नाही, त्या रांगांनी केलं.

म्हणून नवं बक्षीस शोधू नका. घोळका परत आणा. चौथीच्या मुलांना पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला पाठवा. ज्याला अडखळत वाचता येतं, तोही पहिलीच्या पोरासमोर मोठा वाचक असतो, आणि वाचून दाखवायचं म्हणून तो आधी दोनदा घोकून जातो. ही मेहनत कुठल्याच तक्त्यावर दिसत नाही.

कारखान्याहून आलेल्या मुलांबद्दल एकच सांगतो. त्यांचं काय बुडलं ते आपण मोजतो. त्या चार महिन्यांत त्यांनी काय पाहिलं, मोजलं, उचललं ते कोणी विचारत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा मुलं गुरांमागे जातात म्हणून त्यांनी हात टेकले नाहीत. गुरं चरतात तिथेच शाळा नेली, ती कुरणशाळा. तुम्हाला उसाच्या फडावर शाळा नेता येणार नाही. पण फड वर्गात आणता येईल.

---

वारणाकाठ

मी कोल्हापूरकडची, गेली काही वर्षं चौथीच शिकवते. तुमचं एक वाक्य मला लागलं: “मीच घाईने पुढच्या मुलाकडे वळते.” मीही हेच करायचे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासकबाईंनी १९७० च्या आसपास वर्गांतली बोलणी टेप करून ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. मी वाचलं तेव्हा वाटलं, तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. करून बघा. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी असते, आपलाच जीव घाबरा होतो.

मी युक्ती केली. प्रश्न विचारला की अंगठा करंगळीच्या पेरांवर फिरवायचा. तीनही पेरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कोणाचं नावही घ्यायचं नाही. आणि मुलाने उत्तर दिल्यावर पुन्हा तीन पेरं. या दुसऱ्या थांब्यात खरी गंमत आहे. मूल उत्तराला “कारण” जोडतं.

त्या मुलीला सर्वांसमोर विचारण्याआधी शेजारणीला सांगू द्या. आधी जोडीत, मग वर्गात. चुकलं तर दोघींचं चुकतं.

---

दोघांची आई

मी शिक्षिका नाही, पुण्यात राहते. माझा मोठा मुलगा पाचवीत आहे. त्याला आम्ही घरात, शाळेत सगळेच “हुशार” म्हणतो. यंदा गणिताच्या घटक चाचणीचा पेपर त्याने दप्तराच्या तळाशी लपवला होता. २० पैकी ९. मी विचारलं तर हुंदके देत म्हणाला, “मग मी हुशार नाही ना आता.” मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. बक्षिसासारखं कौतुकानेही असं होतं का?

---

डाएटमधून निवृत्त

होय ताई, होतं. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्याच मुलांवर प्रयोग केले. सोपी कोडी सुटल्यावर काहींना म्हटलं “तू हुशार आहेस”, काहींना “तू खूप मेहनत घेतलीस”. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं नंतरही चिकटून राहिली. हुशारीचं कौतुक झालेल्यांचा नंतरच्या सोप्या कोड्यांतही जोर गेला. पुढे जेव्हा आपले गुण दुसऱ्या एका मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी गुण वाढवून सांगितले. तुमच्या मुलाने पेपर लपवला, तो याच भीतीपोटी.

पण “मेहनत घे” हा मंत्रही नुसता जपून उपयोग नाही. ज्या मुलाला वजाबाकीत हातचा कुठून घ्यायचा तेच कळलेलं नाही, त्याला मेहनतीचं कौतुक काय करायचं? आज त्याच्याबरोबर तो नऊ गुणांचा पेपर घेऊन बसा आणि कुठल्या पायरीला चुकलं ते दोघे मिळून शोधा. तुम्ही त्या पेपराला घाबरत नाही हे त्याला दिसू दे.

---

वस्तीवरच्या बाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे करून बघितलं, आज लिहिते.

आधी त्या मुलीचं. डाएटच्या सरांचं वाचून मी एका दुपारी फळ्यावर काही न लिहिता विचारलं, “कारखान्याला वाढं कसं विकतात?” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. तोडणीवाले त्याच्या पेंढ्या बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात. मी अंगठा करंगळीवर ठेवला. पहिलं पेर, दुसरं. गेला नाही गावाबाहेर असा एक मुलगा हात वर करत होता, त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या पेरानंतरही शांतता. मी तरी थांबले. आणि ती फरशीकडे बघतच म्हणाली, “शेकड्यावर इकत्यात.”

शेकडा म्हणजे काय हे माझ्या तिसरीच्या मुलांना माहीत नव्हतं. तिने सांगितलं. आई पेंढ्या बांधायची, ही मोजायची, आणि प्रत्येक दहाला मातीत एक रेघ ओढायची. दहा रेघा झाल्या की शेकडा. मी दशक-शतक शिकवायला आगपेटीच्या काड्यांचे गठ्ठे करते, ते ही पोरगी चार महिने रोज खरे करून आली होती.

मग तिलाच गणित तयार करायला सांगितलं. तिने दिलं: ३४० पेंढ्या, शेकड्याला ३०० रुपये, किती पैसे? वर्गाने तीन शेकड्यांचे ९०० काढले आणि ४० पेंढ्यांवर सगळे अडकले. चौथीतला माझा सगळ्यात पुढे असणारा मुलगा वहीत गुणाकार मांडत बसला. ही म्हणाली, “दहाला तीस व्हत्यात की. चाळीसला एकशेवीस. हजार वीस.” तेवढं बोलून ती परत खाली बघायला लागली, पण शेजारची पोरगी तिला कोपराने ढोसत होती आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी परत आलेल्या बाकीच्या चौघांनी आपणहून गणितं आणली. कोपीला (तोडणीवाल्यांच्या झोपडीला) किती बांबू लागतात, ट्रॅक्टरच्या एका खेपेला किती मोळ्या. एकाने उचल (तोडणीआधी घेतलेले आगाऊ पैसे) किती, कापली किती आणि फिटायची किती राहिली असं गणित घातलं. तो आकडा त्याच्या घरचाच होता. ते मी फळ्यावर घेतलं नाही, त्याच्या वहीतच सोडवलं. हे बरोबर केलं की नाही ते ज्येष्ठांनी सांगावं.

आता पुस्तकांचं. तक्ता नाही, पेन नाही. चौथीची मुलं मंगळवारी आणि शुक्रवारी पहिलीच्या खोलीत वाचून दाखवायला जातात. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पेटी उघडते. जूनसारखी गर्दी नाही, पण आठ-दहा मुलं असतात. शिवाय एक वही ठेवली आहे. पुस्तक वाचलं की आपलं नाव लिहायचं नाही, हे पुस्तक वर्गातल्या कोणाला आवडेल त्याचं नाव लिहायचं आणि का ते एका ओळीत. परवा तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, “हे पुस्तक तिला द्या, तिची म्हैस गाभण आहे.” गोष्ट म्हशीची होती. ज्या पोरीसाठी लिहिलं होतं तिने ते घरी नेलं.

एक अडचण तशीच आहे. तारा कशाचा असं विचारणारा मुलगा पेटीकडे फिरकत नाही. वाचून दाखवायला जा म्हटलं तर पोट दुखतं म्हणतो. सक्ती करायची नाही हे मला कळतं. पण सुट्टी लागायला आता थोडेच दिवस आहेत आणि त्याला असाच पाचवीला पाठवायचं मन होत नाही.

---

डाएटमधून निवृत्त

उचलीचं गणित फळ्यावर घेतलं नाहीत ते शंभर टक्के बरोबर केलंत. फड वर्गात आणा असं मी लिहिलं, तेव्हा हा भाग मला सुचला नव्हता.

तो मुलगा मधल्या सुट्टीत कुठे असतो, काय करतो?

---

वस्तीवरच्या बाई

रस्त्यावरच्या सायकल दुकानात. दुकानदार त्याचा चुलता आहे. पंक्चर काढता येतं त्याला, माझ्या स्कुटीचंही त्यानेच एकदा काढलं होतं.

---

वारणाकाठ

बाई, मग काही दिवस पेटी विसरा. त्याला पंक्चर कसं काढायचं ते सांगू दे. तुम्ही त्याच्याच शब्दांत, एका पानावर एक वाक्य असं लिहून घ्या, चित्रं त्याला काढू दे. शिवून पेटीत ठेवा. माझ्या वर्गात पेटीतली सगळ्यात फाटलेली पुस्तकं मुलांनीच केलेली आहेत. स्वतःचं बोलणं असल्यामुळे ते त्याला वाचता येईल. आणि पहिलीच्या मुलांना ते दुसरं कोण नीट वाचून दाखवणार?

---

वस्तीवरच्या बाई

त्याच्या तोंडून फक्त मी लिहून घ्यायचं, दुरुस्त करायचं नाही ना? तो “पंचर” म्हणतो.

---

वारणाकाठ

“पंचर”च लिहा.

---

वस्तीवरच्या बाई

उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेअकराला सुटल्यावर दुकानातच जाते. स्कुटीच्या मागच्या चाकात हवा कमी आहेच.